‘स्टिअरिंग सरळ करणे’ : एका शब्दप्रयोगाचे तीन अर्थ

धुळे व शिरपूर यांच्या दरम्यान मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेल्या नरडाण्यासारख्या गावी ‘स्टिअरिंग सरळ करून द्या’ ही मागणी मोटारदुरुस्तीच्या व्यवसायास अपरिचित नाही. यातील ‘सरळ’ हा शब्द मात्र तीन निरनिराळ्या वस्तूंना लागू पडतो. २००२ साली बाजारात आलेल्या स्कॉर्पिओसारख्या गाडीचा रॅक बदलताना हा अर्थभेद ध्यानी न घेतल्यास धोका संभवतो.

रॅक म्हणजे दातेरी दांडा. सुकाणूचक्राच्या दांड्याखालील लहान दंतचक्र फिरले, की तो डावीउजवीकडे सरकतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड पुढील चाके वळवितात. जुन्या जीपमध्ये रॅक नसे. तेथे हे कार्य स्टिअरिंग बॉक्स करीत असे.

पहिला ‘सरळ’ सुकाणूचक्राचा. रॅकशी असलेला सांधा सोडविण्यापूर्वी चक्र सरळ करून बांधून ठेवावे लागते. एअरबॅग असलेल्या गाडीत ते मोकळे फिरल्यास चक्राखालील विद्युत्‌वाहक वेटोळी पट्टी तुटू शकते, आणि मग आघातसमयी एअरबॅग उघडेल याची शाश्वती राहत नाही. बॅटरीची जोडणीही आधीच काढावी.

दुसरा ‘सरळ’ रॅकचा. येथे त्याचा अर्थ ‘मध्यावर असलेला’ असा होतो. नवा रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावयाचे व निम्म्या फेऱ्यांवर आणून तो बसवावयाचा. यात चूक झाल्यास गाडी एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी वळते.

तिसरा ‘सरळ’ चाकांचा. टाय रॉडचे टोक काढताना आटे मोजून ठेवतात व पुन्हा तितकेच चढवितात. परंतु ही मोजणी गाडी अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत नेण्यापुरतीच होय. तेथे टाय रॉडची लांबी नेमकी न केल्यास टायर कडेने झिजतात.

हे तीनही ‘सरळ’ एकाच वेळी साधणे, हीच दुरुस्तीची पूर्तता. म्हणून मागणी ऐकताच ‘नेमके काय सरळ नाही?’ असे विचारणे अगत्याचे ठरते. रॅक मध्यावर नसताना केवळ सुकाणूचक्र उपसून सरळ बसविल्यास चालकाचा शब्द राखला जातो, दोष मात्र तसाच राहतो.