फाल्गुन-चैत्रातला वारा

शिमगा जवळ आला, की थंडी सरते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर हे दिवस मोठे बरे वाटतात. आकाश मोकळे असते. पाऊस नसतो. समुद्र निवांत असतो. वलांडीवर बोंबील वाळत असतात. मिठागरात मीठ पिकते. हापूसला कैऱ्या धरतात. मग माणूस म्हणतो, "आता हवामानाची काळजी कशाला? ती पावसाळ्यात करू."

पण असे म्हणून चालत नाही. याच दिवसांत दोन संकटे गुपचूप येतात. एक जमिनीवर येते. ते म्हणजे उष्णतेची लाट. दुसरे पाण्यावरून येते. त्या म्हणजे फार लांबून आलेल्या लाटा. दोन्ही वेळा आकाश स्वच्छच असू शकते. म्हणून नुसते आकाश बघून भागत नाही. वारा बघावा लागतो आणि हवामानाचा अंदाज ऐकावा लागतो. ते कसे करायचे, ते आता पाहू.

दोन वारे

किनाऱ्यावर दोन वारे वाहतात. एक खारा वारा आणि दुसरा मतलई वारा.

ऊन पडले, की जमीन लवकर तापते. पाणी तसे लवकर तापत नाही. दुपारी वाळूवर अनवाणी चालून बघा. पाय भाजतात. चार पावले पुढे पाण्यात जा. पाणी गारच लागते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होते आणि वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हाच खारा वारा.

रात्री याच्या उलट होते. जमीन लवकर निवते. पाणी ऊब धरून राहते. मग जमिनीवरची हवा समुद्राकडे जाते. हा मतलई वारा.

आपल्या वाडवडिलांना हे चांगले ठाऊक होते. शिडाची होडी पहाटे मतलईवर बाहेर काढायची आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी आणायची, अशी त्यांची रीत होती. आता होड्यांना इंजिने आली. त्यामुळे वाऱ्याकडे आपले लक्ष कमी झाले. पण वाऱ्याचे काम चालूच आहे. किनाऱ्याची दुपार खारा वाराच गार ठेवतो.

खारा वारा उशिरा आला तर?

एरवी सकाळी अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुटतो. मग ऊन असले तरी पारा फार चढत नाही. पण फाल्गुन-चैत्रात काही दिवस पूर्वेचा वारा जोर धरतो. तो घाटावरून खाली कोकणात उतरतो. तो खाऱ्या वाऱ्याला आत येऊ देत नाही. दुपारचे दोन वाजतात, तीन वाजतात, तरी समुद्राची झुळूक येत नाही. तोवर जमीन तव्यासारखी तापते.

आणखी एक कारण आहे. घाटावरून हवा खाली उतरते, तेव्हा ती दाबली जाते. दाबलेली हवा तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण पाहिले आहे. तसेच हे आहे. म्हणून हा पूर्वेचा वारा कोरडा आणि कढत लागतो.

मुंबईत मार्च महिन्यात पारा एरवी ३३ अंशांच्या आसपास असतो. पण २८ मार्च १९५६ रोजी तो ४१.७ अंशांवर गेला होता. २०१८ च्या मार्चमध्येही तो ४१ अंशांवर पोचला. समुद्र तर शेजारीच होता. मग असे का झाले? कारण पूर्वेचा वारा जोरात होता आणि खारा वारा वेळेवर आला नाही.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. सकाळी अकरा वाजता चुलीचा धूर बघा. धूर डोंगराकडे जात असेल, तर खारा वारा आला. धूर अजून समुद्राकडेच जात असेल, तर समजा, आजची दुपार कठीण आहे.

किनाऱ्याचे ऊन जास्त का बाधते?

अंगाला घाम येतो. घाम वाळला, की अंग गार होते. पण किनाऱ्याच्या हवेत ओल असते. हवेतल्या या ओलीला आर्द्रता म्हणतात. ओलसर हवेत घाम लवकर वाळत नाही. आतली उष्णता आतच राहते.

म्हणून हवामान खात्याने किनाऱ्यासाठी वेगळा नियम ठेवला आहे. सपाट मुलखात पारा निदान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेची लाट म्हणत नाहीत. किनाऱ्यावर मात्र ३७ अंशांपासूनच म्हणतात. पारा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेला असावा लागतो, एवढेच.

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानात मोठा कार्यक्रम झाला. लोक तासन्‌ तास उन्हात बसले होते. उन्हाने १४ माणसे दगावली. खारघर काही समुद्रापासून फार लांब नाही.

असा दिवस आला, तर बारा ते तीन उन्हातले काम टाळावे. मासळी वाळत घालणे, मीठ ओढणे, बागेतले काम हे सकाळीच उरकावे. तहान नसली तरी पाणी प्यावे. पेज, ताक, कोकमचे सरबत घ्यावे. म्हातारी माणसे आणि लहान मुले यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे.

एखाद्याचे अंग चटका बसण्याइतके तापले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे. अंगावर गार पाणी ओतावे आणि वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

बागेलाही ऊन बाधते. कैऱ्या गळतात, भाजतात. फळ वाटाण्याएवढे, गोटीएवढे आणि अंड्याएवढे असताना पंधरा-पंधरा दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्यावे. बुंध्याभोवती गवत पसरावे, म्हणजे ओल टिकते.

लांबून आलेल्या लाटा

आता पाण्याकडे वळू. मार्च महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ क्वचितच होते. दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो आणि पाणी थोडे खवळते. ते आपल्या सवयीचे आहे. पण कधी कधी वारा नसतानाही मोठ्या लाटा येतात. त्या कुठून येतात?

आपल्या दक्षिणेला हिंदी महासागर आहे. त्याच्या पार दक्षिणेच्या टोकाला मोठमोठी वादळे होतात. तिथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत येतात. इथे पोचायला त्यांना काही दिवस लागतात. खोल पाण्यात त्या लांबट आणि सखल असतात. तिथे होडीला त्यांचा फारसा त्रास होत नाही. पण पाणी उथळ झाले, की त्यांची चाल मंदावते आणि उंची वाढते. म्हणून खरा धोका किनाऱ्यावर आणि खाडीच्या तोंडाशी असतो.

केरळातले मच्छीमार याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात. त्याचा अर्थ चोरासारखा येणारा समुद्र. ३१ मार्च २०२४ रोजी केरळच्या किनाऱ्यावर असाच समुद्र आत शिरला. घरांत पाणी गेले. आपल्या किनाऱ्यालाही अशा लाटांचे इशारे मिळतात. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असते. त्याच वेळी या लाटा आल्या, तर पाणी आणखी वर चढते.

हैदराबादला महासागराची माहिती देणारे सरकारी केंद्र आहे. ते १९९९ साली सुरू झाले. हे केंद्र अशा लाटांचा इशारा आधीच देते. इशारा आला, तर लहान होड्या वर ओढून ठेवाव्या. बंदरात नांगरलेल्या होड्यांमध्ये अंतर राखावे, म्हणजे त्या एकमेकींवर आपटणार नाहीत. जाळी उचलून उंच जागी ठेवावी. मुलांना पाण्यात सोडू नये.

अंदाज कसा ऐकावा?

अंदाज रेडिओवर लागतो, मोबाईलवरही मिळतो. त्यातले काही शब्द नीट समजून घेऊ.

कमाल तापमान म्हणजे दिवसातले सर्वांत जास्त तापमान. किमान म्हणजे सर्वांत कमी. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे सगळीकडे नाही, थोड्याच ठिकाणी.

इशाऱ्याला रंग असतात. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा, वाट बघू नका.

'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये,' असे सांगितले असेल, तर जाऊ नये. आपल्याला किनाऱ्यावरून समुद्र शांत दिसेल. पण अंदाज करणारे फक्त आपल्या गावचे पाणी बघत नाहीत. उपग्रहामुळे त्यांना दूरचा समुद्रही दिसतो.

कोणी म्हणेल, "अंदाज कधी कधी चुकतो." होय, चुकतो. पण अंदाज ऐकून होडी वर ओढली आणि लाटा आल्या नाहीत, तर एका दिवसाची मजुरी बुडते. न ऐकता होडी पाण्यात ठेवली आणि लाटा आल्या, तर होडीच जाते.

तेव्हा सकाळी अंदाज ऐकावा. अकरा वाजता धूर बघावा. आपल्या घरी ज्याला वाचता येते, त्याने मोबाईलवर आलेला इशारा शेजाऱ्यालाही वाचून दाखवावा. आपण शिकलो, त्याचा उपयोग असा साऱ्या आळीला झाला पाहिजे.