गच्चीवरचं ओझं

मे महिना आला की ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात सगळ्यांना आपापल्या गच्चीची आठवण होते. माझी थोरली बहीण मुंब्र्याला, कौशाच्या बाजूला, सातव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं राहिलं, की खालच्या चार-पाच मजली इमारतींच्या गच्च्या उघड्या वहीसारख्या दिसतात. कुठे निळं प्लास्टिक विटांनी दाबून ठेवलेलं, कुठे काळंकुट्ट डांबर, कुठे पांढरा लेप, कुठे लाल पत्र्याची शेड, तर कुठे चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी. दुखणं सगळ्यांचं एकच, गळती. औषधं मात्र जितकी घरं तितकी.

आमचं घर कल्याणच्या जुन्या वस्तीतलं. पुढच्या भागावर मंगलोरी कौलं आहेत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौलं सगळ्या कोकणपट्टीवर पसरली. कौलारू घराचं एक बरं असतं. गळलं तर कुठलं कौल फुटलं ते दिसतं, तेवढं बदलायचं. पूर्वी दर उन्हाळ्यात घर शाकारायची पद्धत होती. मागची खोली मात्र अब्बांनी १९८८ साली वाढवली, बारा फूट बाय पंधरा फूट, आणि तिच्यावर सपाट स्लॅब टाकला. ‘आता शाकारणीची कटकट गेली,’ असं ते त्या वेळी सगळ्यांना सांगत. अब्बा गेले. त्या खोलीत आता आमची अम्मी झोपते.

फारसीत ‘गच’ म्हणजे गिलाव्याचा चुना. आपल्या गच्चीचं नातं त्या चुन्याशीच आहे. म्हणजे नावातच लेप आहे. नुसता स्लॅब घातला की गच्ची पुरी होत नाही, तिच्यावर काहीतरी घालावंच लागतं. काँक्रीट दिसायला दगडासारखं असलं तरी पाणी अडवायचं काम एकट्याने करू शकत नाही. मेच्या उन्हात ते तापून प्रसरण पावतं, जूनच्या पहिल्या सरीत आकसतं, आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत केसाएवढ्या चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आतल्या सळ्यांपर्यंत पोचतं. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. ती जागा तो खालचं काँक्रीट फोडून मिळवतो. छताचे पोपडे पडतात ते असे.

आमच्याकडे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर, अर्थात एक किलो पाणी. पाणी वाहून गेलं तर काही नाही. पण जांभळाच्या पाल्याने पाइपाचं तोंड बुजलं, तर कठड्याच्या आत तळं साचतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. तोंड बुजलेल्या गच्चीवर तेवढा पाऊस साचला असता, तर दर चौरस मीटरवर जवळजवळ एक टन झाला असता. त्या दिवशी उल्हास नदीचं पाणी कल्याणात शिरलं होतं आणि आमच्या मागच्या खोलीत छतातून धार लागली होती. अम्मी रात्रभर भांडी बदलत बसली होती. म्हणून पुढच्याच वर्षी मी कर्ज काढून गच्चीवर कोबा घालून घेतला. चांगला तीन इंच, आणि त्यावर चायना मोझॅक. आईसाठी काहीतरी केलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

कोबा म्हणजे काय ते सांगतो, कारण या भागातल्या बहुतेक गच्च्यांवर तोच आहे. विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवायचे, पाण्याच्या पाइपाकडे उतार द्यायचा, कठड्याच्या सांध्यात गोलाई काढायची, आणि वर घोटून रेघा मारायच्या. उतार शंभराला एक तरी हवा. म्हणजे बारा फुटांच्या गच्चीला साधारण दीड इंच. ही पद्धत चांगली आहे. उन्हापासून स्लॅबचं रक्षण होतं, वर चालता-फिरता येतं, पापड-कुरडया वाळवता येतात. वरचं चायना मोझॅक चीनमधून आलेलं नसतं. चिनी मातीच्या फुटक्या लाद्यांचे ते तुकडे. पांढरे घेतले तर ऊन परतवतात आणि खोली थोडी थंड राहते. कोब्याचा दोष एकच, पण तो मोठा आहे: वजन. साडेचार इंचांचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या पुढे जातो.

तरीही गच्ची पुन्हा गळू लागली. मध्ये एकदा कुणाच्या सांगण्यावरून डांबराचा जाड थर मारला. तो दोन उन्हाळ्यांत मगरीच्या पाठीसारखा तडकला. गळती थांबेना, तेव्हा मी पुन्हा माणसं बोलावली. एक ठेकेदार जिना चढून आला, पायाने दोन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, यावर अजून एक कोबा मारू. दहा वर्षं बघायला नको.’’ भाचा म्हणाला, ‘‘मामू, पत्र्याची शेड टाका, विषय संपला.’’ शेजारच्यांचा विश्वास केमिकलवर. आपल्याकडे डब्यातून जे येतं ते सगळं केमिकल.

माझ्या एका कॉलेजमित्राची मुलगी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे. तिला फोन केला आणि विचारलं, कोबा, पत्रा की केमिकल? ती म्हणाली, ‘‘काका, वर काय घालायचं ते नंतर. आधी वर काय काय आहे ते सांगा.’’

मला सांगता येईना. ती रविवारी आली. गच्चीवर जाताच तिने कठड्याकडे बोट दाखवलं. ‘‘हा पूर्वीपासून एवढाच बुटका आहे?’’ नव्हता. खोली बांधली तेव्हा तो माझ्या कमरेच्या वर येत होता. कठडा तर खचलेला नव्हता, जमीनच वर चढली होती. एका कोपऱ्यात तिने छिन्नीने वीतभर चौकोन फोडायला लावला. अब्बांच्या वेळचा कोबा साडेचार इंच. त्यावर माझा तीन इंच. त्यावर चायना मोझॅक आणि डांबर मिळून एक इंच. एकूण साडेआठ. तिने वहीच्या पानावर हिशेब मांडला: दर चौरस मीटरला सव्वाचारशे किलोंच्या आसपास, आणि खोलीचं क्षेत्रफळ पावणेसतरा चौरस मीटर. म्हणजे अम्मीच्या डोक्यावर सात टन, स्लॅबचं स्वतःचं वजन सोडून.

भारतीय मानकांप्रमाणे, जिथे माणसं वावरतात अशा सपाट गच्चीवर दर चौरस मीटरला दीडशे किलोंचा वावराचा भार धरतात. लेपाचं वजन वेगळं धरायचं असतं, पण १९८८च्या मिस्त्रीने एका कोब्याचं धरलं असेल तर नशीब. दुसऱ्याचं कोण धरणार? ते ओझं मी घातलं होतं, कर्ज काढून.

मी गप्प झालो, त्याला आणखी एक कारण होतं. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालचे मजले फोडत गेला. सहा जण गेले. त्या पडझडीचं नेमकं कारण ठरवणं माझं काम नाही. पण जुन्या स्लॅबवर ठोकाठोक करायची आणि नवं वजन चढवायचं, हे काम आपण किती सहज एखाद्या मिस्त्रीवर सोपवतो, ते त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलं नव्हतं. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्यानेच बंधनकारक केली आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. त्या आपण वाचतो, आपलं नाव नाही ना एवढं पाहतो आणि पान उलटतो.

आता पत्र्याचं. वजनाच्या दृष्टीने पत्रा फार हलका. अर्ध्या मिलीमीटरचा रंगीत पत्रा दर चौरस मीटरला पाच किलोंच्या आतबाहेर, आणि खालचा लोखंडी सांगाडा धरूनही कोब्याच्या पासंगाला पुरत नाही. मधे हवा खेळते, म्हणून खालचा स्लॅब तापत नाही. पण पत्र्याला भीती असते ती वाऱ्याने वर उचललं जाण्याची. मुंबईसाठी मानकांनी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे. १७ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कुणाच्या शेडचे पत्रे कुणाच्या दारात पडले होते ते आठवा. खांब नुसते कोब्यात रोवून चालत नाहीत, ते खालच्या कॉलम-बीमला धरायला हवेत. आणि खांबासाठी कोबा फोडला की तिथूनच नवी गळती सुरू होते.

शेडला महापालिकेची परवानगी लागते. बरेच जण ती घेत नाहीत. मग एका पावसाळ्यासाठी म्हणून टाकलेल्या शेडला दुसऱ्या वर्षी भिंती फुटतात, तिसऱ्या वर्षी दार येतं आणि चौथ्या वर्षी भाडेकरू. पत्र्यावर वाजणाऱ्या पावसावर कविता करणं सोपं आहे. त्याखाली जून ते सप्टेंबर झोपणाऱ्याला विचारा.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल मात्र गंमत करवत नाही. त्या जुन्या करड्या नालीदार पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. सर्व प्रकारचं ॲस्बेस्टॉस कर्करोगाला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पन्नासाहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आपल्याकडे मात्र असे पत्रे अजून घरांवर आहेत. असा पत्रा शाबूत असेल तर त्याला भोकं पाडू नका, घासू नका, फोडू नका. तुटतो, घासला जातो तेव्हा त्याची धूळ उडते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. काढायचाच झाला तर ओला करून, तोंड-नाक झाकून, अख्खा उतरवा. नवा तर आणूच नका.

राहिले पातळ लेप. डांबरी पडद्याचे गुंडाळे मिळतात, तीन-चार मिलीमीटर जाडीचे. ते ज्योतीने तापवून चिकटवतात, एकावर एक चार इंच चढवून, आणि कठड्यावरही वीतभर नेऊन. वजन दर चौरस मीटरला चार-पाच किलो. उघडा पडदा उन्हाने खराब होतो, म्हणून वरच्या बाजूला खनिजाची खडी किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा असलेला घ्यावा. दुसरा प्रकार ब्रशने मारायच्या लेपाचा, ॲक्रिलिकचा किंवा पॉलियुरेथेनचा. दोन-तीन हात, मधे काचतंतूंची जाळी. वजन नगण्य, रंग पांढरा, काम एका माणसाचं. पण यांतलं काहीही ओल्या स्लॅबवर टिकत नाही. आत कोंडलेली वाफ फुगे काढते. आणि ॲक्रिलिकवर पाणी साचून राहिलं तर ते मऊ पडून सुटतं, म्हणजे उतार आधी हवाच. ठेकेदार जून तोंडावर आल्यावर घाईघाईने जो लेप मारतात, तो का निघतो हे यावरून कळेल. हे काम दिवाळीनंतरचं आहे.

आम्ही दिवाळीनंतरच केलं. मित्राच्या मुलीने आधी खालून टेकू लावून घेतले आणि अम्मीची खाट पुढच्या खोलीत हलवली. अम्मीला ते आवडलं नाही. ‘‘तुझ्या अब्बांनी बांधलेली खोली आहे, पडायची नाही,’’ म्हणाली. मी वाद घातला नाही. कोबा मशीनने फोडायचा नाही, छिन्नी-हातोडीने काढायचा, आणि काढलेला माल गच्चीवर ढीग न करता त्याच दिवशी खाली न्यायचा, अशी इंजिनीअरबाईंची सक्त ताकीद होती. मजुरांना ती विक्षिप्त वाटली. पण ढीग एकाच ठिकाणी साचला की सगळं वजन स्लॅबच्या एकाच भागावर येतं, हे तिने त्यांना विटा रचून दाखवलं. गोण्या मोजायचं मी शंभरानंतर सोडून दिलं.

खालचा स्लॅब उघडा पडल्यावर दोन सळ्या गंजलेल्या निघाल्या. त्या घासून, लेप देऊन दुरुस्त केल्या. वर उतारापुरता पातळ थर घातला आणि पांढरा पॉलियुरेथेनचा लेप दिला. पाच-सात वर्षांनी तो पुन्हा मारावा लागेल. म्हणजे अब्बांना जी कटकट गेली असं वाटलं होतं, ती शाकारणी परत आली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. दर काही वर्षांनी वर जाऊन पाहायला लावणारं छप्पर मला, दहा वर्षं बघायला नको म्हणणाऱ्या छपरापेक्षा, बरं वाटतं.

शेवटी पाइपाचं तोंड बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस भरून ठेवलं. दोन इंच म्हणजे दर चौरस मीटरला पन्नास किलो, तेवढं चालतं, हे मी आता स्वतःच सांगू शकत होतो. खाली छत कोरडं राहिलं. तिसऱ्या दिवशी अम्मीने मुलांना हाताशी धरून खाट परत नेली, मला न विचारता.

जाताना मित्राच्या मुलीने एका कागदावर कोणता थर किती जाडीचा, कोणत्या वर्षी घातला आणि दर चौरस मीटरला एकूण किती किलो, ते लिहून दिलं. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून मी जिन्याच्या तोंडाशी, विजेच्या मीटरच्या पेटीत आतल्या बाजूने चिकटवला आहे. पुढच्या वेळी कुणी कोबा सुचवायला वर निघालाच, तर त्याला आधी ती पेटी दाखवा, असं मुलांना सांगून ठेवलं आहे.