पंप बदलला? मग औषधाचं मापही बदला



हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एसजी 10 लिटर पाण्याला 4.4 ग्रॅम घ्यायचं. म्हणजे लिटरला 0.44 ग्रॅम. पाणी 1 लिटरने वाढलं की औषध 0.44 ग्रॅमने वाढतं. आलेख काढला तर शून्यातून निघणारी सरळ रेषा येते. हा 0.44 म्हणजेच त्या रेषेचा चढ.

10 लिटर – 4.4 ग्रॅम
15 लिटर – 6.6 ग्रॅम
20 लिटर – 8.8 ग्रॅम
200 लिटर (1 एकर) – 88 ग्रॅम

बरेच जण नवा पंप 20 लिटरचा घेतात, पण माप जुन्या 10 लिटरच्या पंपाचंच टाकतात. मग लिटरला 0.22 ग्रॅमच पडतं, निम्मंच! अळी मरत नाही, मजुरी वाया जाते आणि आपण म्हणतो, औषधच डुप्लिकेट निघालं.

फवारणीआधी पंपावरचे लिटर वाचा. औषध टोपणाने नको, काट्यावर मोजा. मास्क, हातमोजे वापरा.

हे प्रमाण पाठीवरच्या साध्या पंपासाठी आहे. पेट्रोल पंपाला पाणी कमी लागतं, त्यामुळे तो वापरणार असाल तर आधी फोन करा.