चार लोकांना कळू द्या

टीसीएसमधल्या नोकरकपातीची बातमी जुलै 2025 मध्ये एका रविवारी आली आणि सोमवारी सकाळपर्यंत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रेझ्युमे सुधारून देणाऱ्यांच्या तीन जाहिराती येऊन पडल्या. 12 हजारांवर माणसं, म्हणजे कंपनीतल्या एकूण मनुष्यबळाच्या 2 टक्के, आणि त्यातली बरीचशी मधल्या-वरच्या फळीतली. हे सगळं तुम्ही वाचलं आहे. हा प्रताप एआयचा की आणखी कशाचा, यावर पॅनेलवाले भांडत राहतील. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या सकाळबद्दल. पंचेचाळिशीत नोकरी गेली की आपल्याकडचा माणूस पहिलं काम करतो ते बातमी दडवण्याचं.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांची नोकरी मार्चमध्ये गेली. कंपनी वेगळी, शहर पुणंच. मला ते जूनमध्ये कळलं, तेही कव्हर लेटरचं इंग्रजी तपासून हवं होतं म्हणून. तोवर लिफ्टमध्ये भेटले की 'सध्या वर्क फ्रॉम होम' एवढंच म्हणायचे. सासरेबुवांना अजूनही सांगितलेलं नाही. रात्री सगळे झोपले की पोर्टलवर अर्ज भरतात आणि त्याची एक्सेलमध्ये नोंद ठेवतात. दोनशेच्या वर ओळी आहेत, त्यातल्या सहा हिरव्या. हिरवी म्हणजे इंटरव्ह्यूचं बोलावणं आलेली.

'काहीतरी क्रिएटिव्ह करायला हवं,' असं ते मला म्हणाले. क्रिएटिव्ह म्हटलं की लोक इंटरनेटवरचे किस्से सांगतात. 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका तरुणाने डिलिव्हरीवाल्याच्या वेशात कंपन्यांमध्ये डोनटची खोकी पोहोचवली आणि खोक्याच्या झाकणाआड आपली माहिती चिकटवली. किस्सा झकास आहे. हिंजवडीत हा प्रयोग केला तर डोनट गेटवरचे सिक्युरिटीवाले काका खातील, एवढीच अडचण. शिवाय आता अर्ज आणि कव्हर लेटर एआय लिहितं, आणि बऱ्याच ठिकाणी ते आधी चाळतंही सॉफ्टवेअरच. दोन यंत्रांच्या या पत्रव्यवहारात चमकदार वाक्याला कितीसा भाव येणार?

त्यापेक्षा एका जुन्या संशोधनाकडे वळू. मार्क ग्रॅनोव्हेटर हा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ तेव्हा तरुण होता. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना त्याने गाठलं आणि साधा प्रश्न केला, ही नोकरी आहे हे तुम्हाला कुणाकडून कळलं? निम्म्याहून अधिक लोकांना ते जाहिरातीतून नव्हे, ओळखीतून कळलं होतं. इथवर नवल नाही. पण 'मित्राकडून का?' असं विचारलं की लोक त्याला दुरुस्त करायचे: मित्र कसला, नुसता ओळखीचा. मग त्याने भेटीगाठींचा हिशेब मांडला. ज्याच्याकडून खबर मिळाली तो माणूस आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा असल्याचं प्रमाण होतं जेमतेम 17 टक्के. जवळपास 28 टक्के लोकांच्या बाबतीत तो वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा भेटणारा होता.

कारण उघड आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात फिरतो, त्यामुळे आपल्याला ठाऊक नाही ते त्यालाही सहसा ठाऊक नसतं. लग्नात भेटलेला मेव्हण्याचा चुलतभाऊ मात्र वेगळ्या दुनियेत वावरतो. 'कच्च्या ओळखींचं बळ' मांडणारा ग्रॅनोव्हेटरचा हा निबंध 1973 मध्ये छापून आला. त्याआधी एका मोठ्या नियतकालिकाने तो साभार परत केला होता. नोकरी शोधणाऱ्यांनी तेवढंही लक्षात ठेवावं.

याचा पडताळा अलीकडेच मिळाला. लिंक्डइनवरच्या 2 कोटी लोकांवर पाच वर्षं झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 2022 मध्ये 'सायन्स'मध्ये आले. सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम कच्च्या ओळखी, म्हणजे अगदी परकाही नाही आणि घरचाही नाही असा माणूस. त्यातही एक मेख होती. डिजिटल कामाच्या क्षेत्रांत कच्च्या ओळखी जास्त चालतात, तर जिथे कॉम्प्युटरचं काम कमी तिथे पक्क्या. आयटीवाल्यांनी पहिला अर्धा भाग वहीत लिहून ठेवावा.

खरं तर हे सांगायला न्यूटनपर्यंत जायची गरज नव्हती, लालबाग-परळला गेलं तरी भागलं असतं. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गिरणगावात आपल्या गावच्या गाळ्यात पथारी टाकायचा. एकेका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपणारे. कुठल्या मिलच्या कुठल्या खात्यात बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागचं काम, लागणार, याची खबर खानावळीच्या पंगतीत फिरायची. पहाटे गेटवर उभं राहून हात हलवत परत आलेला बदली कामगार ते लपवणार कुठे? संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोलीला ठाऊक. आणि ठाऊक होतं, म्हणूनच कुणीतरी त्याला दुसऱ्या गेटचं नाव सांगायचं.

आता तुम्ही म्हणाल, हा तर सरळसरळ वशिला झाला. गिरणगावात वशिलाही होताच. माणसं भरण्याची सत्ता जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होती आणि त्याला दस्तुरी द्यावी लागे. 1935 मध्ये मिलमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली, त्यामागे जॉबरला वेसण घालण्याचाही हेतू होता. त्याहून वाईट म्हणजे, विणकाम खात्यात पगार बरा असे, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीखाली दलितांना तिथे शिरू देत नसत. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ओळखीचं जाळं काहींना वर ओढतं तसं इतरांना बाहेरही ठेवतं.

ते दिवस सरले, अशी कुणाची समजूत असेल तर सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा 2007 मधला अभ्यास बघावा. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, वेगळी होती ती फक्त नावं. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता दोन-तृतीयांश भरली, मुस्लीम नावाला एक-तृतीयांश. 'नेटवर्किंग करा' हा सल्ला फुकट वाटणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहावेत. ज्याच्या घरात कॉलेजात गेलेलं तोच पहिला, त्याने मेव्हण्याचा मॅनेजर चुलतभाऊ आणायचा कुठून?

म्हणूनच मला वशिल्यातून खबर वेगळी काढावीशी वाटते. वशिला म्हणजे 'माझ्यासाठी शब्द टाका'. खबर म्हणजे 'तुमच्याकडे हल्ली कुठल्या कामाला माणूस मिळत नाही?' पहिल्या मागणीने समोरचा अवघडतो, 'बघतो, कळवतो' म्हणतो आणि फोन ठेवतो. दुसऱ्या प्रश्नावर तोच माणूस वीस मिनिटं बोलतो, कारण ते त्याचं रोजचं दुखणं असतं. ते ऐकल्यावर पाठवलेला एक अर्ज पोर्टलवरच्या पन्नासांना भारी पडेल, असं मला तरी वाटतं.

आणि खबर वाटूनही घेता येते. 1970 च्या दशकात नेथन अॅझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने बेकारांचा 'जॉब क्लब' काढला. (लहान मुलांना एका दिवसात शी-शूची सवय लावण्याचं गाजलेलं पुस्तकही त्याचंच. गडी व्यवहारी होता.) नोकरी शोधणाऱ्यांनी एकत्र जमायचं, जोडीजोडीने बसून फोन करायचे, ज्याच्या हाती जी माहिती लागेल ती सगळ्यांपुढे ठेवायची. 1975 च्या अहवालानुसार तीन महिन्यांत क्लबातल्या 92 टक्के लोकांना काम मिळालं, एकेकट्याने शोधणाऱ्यांपैकी 60 टक्के लोकांना. अमेरिकेतला तो काळ वेगळा, हे मान्य. तरी फरक थोडाथोडका नाही.

आपल्याकडे याला भिशी म्हणता येईल. सहा-सात जण, दर शनिवारी, कुणाच्या तरी हॉलमध्ये, चहा-पोह्यांवर. पैशांऐवजी प्रत्येकाने तीन खबरा आणायच्या, त्याही स्वतःच्या कामाच्या नसलेल्या. टेस्टिंगवाल्याला निरुपयोगी असलेली जागा अकाउंट्सवाल्याच्या कामी येते. अशा गटात ज्याच्या मागे गोतावळा नाही, त्यालाही इतरांच्या ओळखी वापरता येतात. मात्र भिशीत बसायचं तर आधी तोंड उघडावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. 'चार लोकांना कळलं तर?' ही आपली भीती. माझं म्हणणं एवढंच, की नोकरी त्या चार लोकांतल्याच कुणाला तरी ठाऊक असते.

आमच्या गृहस्थांना मी भिशीचं सुचवलं. हसले. मग त्यांनी इस्त्रीवाल्याची गोष्ट सांगितली. तो आमच्या तिन्ही विंगमधल्या प्रत्येक घराचे कपडे नेतो. गेल्या आठवड्यात गठ्ठा मोजताना म्हणाला, 'साहेब, हल्ली नुसते शर्टच येतात. पँट नसते.' ऑनलाइन इंटरव्ह्यूला पँटची इस्त्री दिसत नाही, हे त्याला कोण सांगणार?

'मग काय सांगितलंत?' मी विचारलं.

'म्हटलं, पँट घरीच करतो.'