कुंकू काळं का दिसतं? कृष्णधवल फोटो आणि हातातला फोन

बसमध्ये इअरफोन लावून हा भाग ऐकला असेल तर उत्तमच, पण आता वाचताय तर फोनची गॅलरीही उघडी ठेवा. आज बोलायचंय ब्लॅक अँड व्हाइट फोटोंच्या एडिटिंगबद्दल. म्हणजे 'फिल्टर लावला, झालं' याच्या थोडं पुढे जाऊन.

समजा, हिरव्या साडीला लाल काठ आहे. रंगीत फोटोत काठ उठून दिसतो. तोच फोटो कृष्णधवल केला की कधीकधी काठ गायबच होतो. असं का होतं? फोन प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे ठेवतो, प्रत्येक ० ते २५५. त्यातून एकच करडा आकडा काढायचा असतो. आपल्या डोळ्यांना हिरवा जास्त उजळ आणि निळा सगळ्यात गडद वाटतो, म्हणून सरळ सरासरी न घेता एक जुनं प्रचलित सूत्र वापरतात: लाल २९.९ टक्के, हिरवा ५८.७ टक्के, निळा ११.४ टक्के. आता हिशेब करा. भडक लाल, म्हणजे २५५, त्याचे होतात ७६. आणि गडद हिरवा, समजा १३०, त्याचेही ७६! दोन रंग, करडा एकच. काठ कुठून दिसणार?

म्हणून नुसतं सॅच्युरेशन शून्यावर आणू नका. स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइटच्या आत लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे कलर फिल्टर असतात. लाइटरूममध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळा स्लायडर मिळतो. लाल फिल्टर निवडला की लाल उजळतो, बाकीचे दबतात, म्हणजे आपला काठ परत येतो. फिल्मच्या काळात हेच काम लेन्सपुढे लावलेली रंगीत काच करायची. पावसाळ्यात सिंहगडावर काढलेल्या फोटोवर लाल फिल्टर टाकून बघा. ढगांच्या फटीतलं निळं आभाळ गडद होतं आणि ढग अंगावर आल्यासारखे वाटतात. झाडी जास्त असेल तर हिरवा बरा.

चेहऱ्यावर मात्र जरा जपून. लाल फिल्टरने त्वचा उजळते, डागही पुसट होतात; निळ्याने उलट होतं. आपल्याकडे पोर्ट्रेट म्हटलं की पहिला हात लालवरच जातो, कारण सगळ्यांना 'गोरं' दिसायचं असतं. मला ते पटत नाही. सावळ्या चेहऱ्यात करड्याच्या जेवढ्या छटा मिळतात, त्या घालवून हाती काय उरतं? पिठासारखा सपाट चेहरा.

आता जुन्या फोटोंकडे येऊ. माझ्या मते खरी गंमत इथे आहे, आणि खरी जोखीमही.

भिंतीवरचा पणजीचा फोटो फ्रेममधून हलक्या हाताने काढा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकटच काढा. फ्लॅश बंद. खिडकीजवळ, पण थेट ऊन नको, आणि फोन फोटोला अगदी समांतर धरा. आणि हो, काढायचा तो रंगीतच! फोटो मुळात कृष्णधवल असला तरी. कारण कागद पिवळा पडलेला असतो. पिवळा कागद निळा प्रकाश गिळतो, लाल मात्र बराचसा परत पाठवतो. त्यामुळे पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक आणि लालमध्ये अगदी फिके दिसतात. लाल फिल्टर लावला की निम्मी सफाई आपोआप होते. निळ्या शाईचा डाग असेल तर उलटं, निळा फिल्टर लावा. सुरुवातीलाच फोटो कृष्णधवल करून ठेवलात तर ही सोय हातची गेली.

मग कर्व्ह्ज. फिकट फोटोत काळा रंग काळा उरलेला नसतो, राखाडी झालेला असतो. रेषेची खालची बाजू थोडी आत ओढा, वरची थोडी. थोडीच! आठ बिटच्या फोटोत करड्याच्या सगळ्या मिळून २५६ पायऱ्या. जास्त ताणलं की पायऱ्यांमध्ये फटी पडतात, पार्श्वभूमीवर पट्टे उमटतात आणि पांढऱ्या धोतराच्या चुण्या नाहीशा होतात.

आता शीर्षकातलं कुंकू. खूप जुन्या फोटोंत बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट दिसतं. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा निळ्या-हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद द्यायच्या, लाल त्यांना जवळजवळ दिसायचाच नाही. (डार्करूममध्ये लाल दिवा चालतो तो याच गुणामुळे.) लालही पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या १९०६ मध्ये, पण सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे पणजीची काळी दिसणारी साडी लाल असू शकते. किंवा खरंच काळी चंद्रकळा असू शकते. फोटोवरून सांगता येत नाही, आपल्या त्या ७६ सारखंच. करड्यावरून रंगाकडे परत जायचा रस्ता नसतो.

आणि तरीही ॲप एका टॅपमध्ये रंग भरून देतं. तो रंग हा अंदाज असतो, हजारो दुसऱ्या फोटोंवरून बांधलेला. साडीपुरतं ठीक आहे, घरातल्या थोरांना विचारून आपण दुरुस्त करू. पण 'एन्हान्स' चेहऱ्याला हात घालतं. आमच्या नात्यात एका आजींचा एकुलता एक फोटो असाच एका ॲपमधून काढला. डोळे एकदम धारदार, ओठ रेखीव, हनुवटीवरचा तीळ गायब. मुलीने बघितलं आणि म्हणाली, "छान आहे, पण ही आई नाही." तोवर हार घालायला मोठी प्रिंट येऊन पडली होती.

हे घरापुरतंच नाही. कंबोडियात ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांचे कृष्णधवल फोटो आहेत. २०२१ मध्ये व्हाइसच्या संकेतस्थळावर त्यातले काही रंगवून छापले गेले, आणि काही चेहऱ्यांवर मुळात नसलेलं हसू आलेलं होतं. नातेवाइकांनी, कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि तो लेख काढून टाकावा लागला.

मी स्वतः काय करतो, सांगतो. ओरखडे, घड्या, बुरशीचे ठिपके हीलिंगने काढतो, पण डोळे, ओठ, तीळ यांना हात लावत नाही. एखादा चेहरा सावलीत गेला असेल तर डॉज अँड बर्नचा ब्रश अगदी हलका फिरवतो. डार्करूममध्येही हे चालायचंच. रंग भरलाच तर वेगळी कॉपी करून फाइलच्या नावातच 'रंग अंदाजे' लिहितो. आणि मूळ फोटो, पिवळेपणासकट, वेगळ्या फोल्डरमध्ये. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जातो आणि काकांकडे पोचेपर्यंत निम्मे तपशील गेलेले असतात.