बर्फातली तीनचाकी फटफटी

पारा दहावर उतरला की आपल्याकडे पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला गडी कानाला मफलर गुंडाळतो, स्वेटरच्या आत जुना पेपर कोंबतो, मगच गाडीला किक मारतो. रशियात उरल डोंगराच्या पूर्वेला इर्बिट नावाचे गाव आहे. तिथे जानेवारीत उणे वीस अंश म्हणजे नवल नाही. रस्ता कुठला आणि शेत कुठले, काही कळत नाही. अशा मुलखात खेडुतांनी वर्षानुवर्षे जी गाडी दामटली, ती तिथलीच 'उरल' मोटारसायकल. बाजूला डबा, त्याला तिसरे चाक. 'शोले'तली जय-वीरूची गाडी आठवा, त्याच जातीची.

मूळ ही लढाईची गाडी. जर्मन बीएमडब्ल्यूच्या धर्तीवर रशियाने फौजेसाठी ती बनवली. १९४१ साली जर्मन सैन्य मॉस्कोच्या तोंडाशी आले, तेव्हा कारखाना उचलून इर्बिटला नेला. लढाई संपली आणि पुढे हीच गाडी शेतकऱ्याच्या दारात आली. सोव्हिएत काळात मोटार घ्यायची तर नंबर लावून कित्येक वर्षे वाट बघावी लागे. मग बटाट्याची पोती, गवताचे भारे, दुधाचे कॅन, सगळे या डब्यात. आपल्याकडे बैलगाडी जे काम करी तेच.

आता चालवण्याचे. बर्फावर दोनचाकी घसरली की आडवी झालीच म्हणून समजा. तिसऱ्या चाकामुळे ती भीती जाते, पण गाडीला खोड लागते. रशियात डबा उजवीकडे असतो. गती वाढवली की डबा मागे ओढतो, गाडी उजवीकडे वळू बघते. एकदम ब्रेक मारला की डबा पुढे धावतो आणि गाडी डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाच्या अंगावर जाते. उजवे वळण जोरात घेतले की रिकामा डबा सरळ हवेत उचलतो. म्हणून जाणता माणूस रिकाम्या डब्यात वाळूचे पोते टाकतो, गियर उतरवून इंजिनावर गाडी आवरतो आणि ब्रेकला हलकेच हात लावतो. खरा धोका बर्फ संपतो तिथे असतो. आडवी घसरत आलेली गाडी कोरड्या रस्त्याला लागली की चाक गपकन पकड घेते आणि गाडी उलटते.

उरलच्या काही मॉडेलांत डब्याच्या चाकालाही इंजिनाची ताकद देता येते. रुतलेली गाडी त्यामुळे निघते. मात्र पक्क्या रस्त्यावर ती जोडणी सोडावी लागते, नाही तर गाडी वळता वळत नाही. इंजिन हवेवर थंड होणारे, त्यामुळे पाणी गोठायची भानगड नाही. पण ऑईल घट्ट होते, म्हणून सकाळी इंजिनाला खालून शेक द्यायची पद्धत. हे काम जपून करायचे, शेजारीच पेट्रोल असते! २०२२ मध्ये युक्रेनची लढाई पेटल्यावर गाडीची जुळणी कझाकस्तानात हलवली. तोवर ती बरीचशी परदेशातल्या हौशी लोकांची गाडी झाली होती.

आपल्याकडे बर्फ नाही, पण डबा जोडलेल्या गाड्या आहेत, आणि ऊस-वाहतुकीच्या दिवसांत पहाटे धुके, दहिवर व रस्त्यावर सांडलेली मळी असतेच. आपला डबा डावीकडे, म्हणून सगळे उलटे धरायचे. डावे वळण जपून, आणि जोराचा ब्रेक मारला की गाडी उजवीकडे, म्हणजे पुन्हा समोरच्या वाहनावर. कॅन रिकामे करून परतताना डावे वळण जास्त धोक्याचे, कारण डब्यातले वजन गेलेले असते. आरटीओची मंजुरी न घेता घरच्या घरी डबा जोडणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे ग्रामपंचायतीने बोर्डावर लिहिले तरी चालेल.

राहिली थंडी. दहा अंशांत ताशी चाळीसने निघालात तर उघड्या अंगाला ती सहा अंशांसारखी लागते. इर्बिटच्या उणे वीसमध्ये ताशी पन्नासला तीच उणे पस्तीस होते. बोटे बधिर झाली की ब्रेक किती दाबला याचा अंदाजच येत नाही. त्यावर थंड मुलखातली मंडळी हँडलवर जाड कापडाच्या पिशव्या चढवतात आणि हात आत घालून गाडी चालवतात. ताडपत्रीच्या तुकड्याच्या अशा पिशव्या गावचा शिंपी तासाभरात शिवून देईल. फक्त तोंड एवढे मोकळे ठेवायला सांगा की गाडी पडलीच तर हात झटकन बाहेर निघावा.