पांढऱ्या पुडीची ओळख

तांदळाचे पीठ, खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर, पिठीसाखर: डब्यावर नाव नसेल तर सगळी सारखीच दिसतात. चेन्नईत घोळ आणखी वाढतो. मार्गळी या तमिळ महिन्यात तिथल्या मयिलापूर भागात दारांपुढे रेखले जाणारे कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, मूळचे तांदळाच्या पिठाचे, मुंग्यांनाही दाणा देणारे. आता त्याच नावाने दगडाची भुकटीही विकली जाते.

पहिली कसोटी आयोडीनची. चिमूटभर पूड पाण्यात कालवून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला, की तांदळाचे पीठ काळेनिळे होते. पिठातील अमायलोजच्या मळसूत्री साखळीत आयोडीन अडकते, म्हणून हा रंग. दगडाच्या भुकटीवर थेंब तपकिरीच राहतो. ती व्हिनेगरने फसफसली तर चुनखडीची. गारगोटीची असेल तर ढिम्म.

सोडाही व्हिनेगरने फसफसतो, पण तो पाण्यात विरघळतो, चुनखडी तळाशी बसते. शिवाय सोड्याच्या पाण्यात हळद लालसर होते.

बेकिंग पावडर सर्वांत फसवी. तिच्यात सोडा, कोरडे आम्ल आणि बहुधा कॉर्नफ्लोअर असते; त्यामुळे ती आयोडीनलाही दाद देते आणि नुसत्या गरम पाण्यातही बुडबुडे सोडते. समुद्रकाठच्या दमट हवेत उघडी राहिलेली पावडर मात्र आधीच निकामी झालेली असू शकते. तेव्हा बुडबुडे आले नाहीत, एवढ्यावरून निकाल देऊ नये.

पिठीसाखर चमच्यात तापवली की वितळून तपकिरी होते. तसेच पांढरे दिसणारे मीठ मात्र होत नाही. चव घेऊन ओळखणे वर्गात वर्ज्यच.